रंग लावण्याआधी

गुरुवार, ९ जानेवारी

बाटली आली. फरदीनने पाठवली. वर्षभरात त्याच्याकडून घरी आलेली पहिली भेट – आणि ती ही!

वर मडमेचा फोटो. उन्हात भाजल्यासारखा रंग घरच्या घरी. गोऱ्या बायका सावळं दिसायला लावतात म्हणे. माझ्या हातांवरचे, नडगीवरचे आणि मानेवरचे पांढरे डाग त्याने झाकायचे.

फोनवर म्हणाला, अठरा तारखेला त्याची अम्मी येतेय रत्नागिरीहून. जुन्या वळणाची बाई आहे, कोड बघून बिचकेल. फक्त निकाह होईपर्यंत, मग मी स्वतः सांगतो तिला. "तुझ्यासाठीच करतोय, एमान."

मी हो म्हटलं. मग बाथरूमचा नळ सोडून रडले. पहिल्या भेटीत, इथेच आखातात, करामातल्या हॉटेलात, मीच बाह्या वर करून हात दाखवले होते त्याला. तो मेनूकार्ड वाचत म्हणाला होता, "मला फरक नाही पडत." त्या एका वाक्यावर मी वर्षभर हवेत होते.

शनिवार, ११ जानेवारी

नडगीवरच्या एका डागावर लावून बघितलं. सकाळी उठून बघते तर गाजर! मधे सोललेल्यासारखे पट्टे, कडेला काळपट रेघ.

माझी धाकटी बहीण सबा इथेच जन्मलेली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. (मराठी वाचता येत नाही, म्हणून ही वही उघडी पडली तरी भीती नाही.) म्हणाली, "यू डिडन्ट प्रेप युअर स्किन!" मग व्हिडिओ दाखवले. रंगापेक्षा आधीची तयारीच मोठी. आदल्या दिवशी केस काढायचे. मेलेली कातडी घासून काढायची, नाहीतर रंग तिथेच धरून बसतो. कोपरं, घोटे, बोटांचे सांधे – तिथे क्रीमचा नुसता हात. बाकी अंगाला तेल नाही, लोशन नाही, अत्तरसुद्धा नाही. कोरडं ठणठणीत.

सबा मधेच थांबली. "बट ही सेड ही डिडन्ट केअर."

मी म्हटलं, त्याला नाही गं, त्याच्या अम्मीला.

मंगळवार, १४ जानेवारी

फरदीनचा फोन. कसं दिसतंय, विचारलं. मी कशी आहे, ते विचारायचं राहिलं बहुतेक.

गुरुवार, १६ जानेवारी

ऑफिसातून लवकर निघाले. केस काढले, खरखरीत हातमोज्याने अंग घासलं. डॉक्टरांनी बजावलंय – डागांच्या आसपास घासाघास नको, कातडी दुखावली की डाग वाढतात. तरी घासलं. हळूच, पण घासलं. लाज वाटली स्वतःची.

दमून सोफ्यावर पडले ते डोळाच लागला.

शुक्रवार, १७ जानेवारी

सगळं वाया!

काल झोपेत होते तेव्हा माझ्या अम्मीने हातापायांना खोबरेल चोळलं. दर जुमेरातला, गुरुवारी चोळते, लहानपणापासून. घासून लाल झालेले हात बघितले आणि तिच्याने राहवलं नाही. मला पत्ताच नाही. ऑफिसातून आल्यावर नुसतं पाणी घेतलं अंगावर आणि रंग लावला. कुठे चढला, कुठे नाही. भिंतीला ओल आल्यासारखे हात.

मी ओरडले. अम्मी बाथरूमच्या उंबऱ्यावर खाली बसली. म्हणाली, "मला काय ठाऊक बाय, तेल नको असतं म्हणून. आजवर तेलाने कुणाचं वाईट झालंय?"

मग मीही खाली बसले तिच्याजवळ. सबाने दोघींना उठवलं. यल्ला यल्ला, चला उठा म्हणत साबणाने, लिंबाने जुना रंग उतरवला. पुन्हा घासलं. चुरचुरतंय अजून. पूर्ण कोरडं होऊ दिलं आणि कान कोरायच्या काडीने तिने एकेक डाग भरला. कडेला अगदी पुसट. घरभर त्या रंगाचा, रवा करपल्यासारखा वास.

अब्बा असते तर हे घरात होऊ दिलं नसतं त्यांनी. आज फार आठवण आली.

शनिवार, १८ जानेवारी

जमलं. चढला रंग. सकाळी हात बघितले आणि ओळखूच येईनात. डाग येण्याआधी, बारा वर्षांची असताना होते तसे.

मैमुनाखाला आल्या. फरदीनची अम्मी. ठेंगणी, बोलकी बाई. पिशवीतून हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या, माझ्या हाताला साबण लावून एकेक चढवल्या. माझा जीव मुठीत! पण रंग हलला नाही. खाला हातांकडे बघत राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

फरदीन मात्र बोलला. किती छान दिसतेयस, म्हणाला. फोटो काढले. एका फोटोत माझा हात हातात धरला – पहिल्यांदाच. वर्षभर धरला नव्हता, मी त्याला शराफत समजत होते.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झोपायच्या आधी खूप रडले. कुणासाठी रडतेय तेच कळेना. त्या जुन्या हातांसाठी असावं.

सोमवार, २० जानेवारी

फरदीनचा मेसेज – अजून बाटल्या ऑर्डर केल्यात. निकाहनंतरही लागतील.

गुरुवार, २३ जानेवारी

खाला उम्म अल कुवैनहून एकट्याच आल्या, फरदीनच्या घरून. अम्मीबरोबर कापड घ्यायला. जेवणानंतर मी बेसिनपाशी हात धूत होते. मागून येऊन मनगट धरलं.

"रंग उडतोय गो तुझा."

"मला बघून लावतेस काय? कशाला गो? फरदीनने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं मला. मी म्हटलं, पोरगी गुणाची आहे, कोड काय घेऊन बसलास. तेव्हा म्हणाला, तिला कुणी विषय काढलेला आवडत नाही. म्हणून मी गप."

मी त्यांच्या गळ्यात पडले. हसले, रडले, परत जेवायला बसले! अम्मीला वाटलं वेड लागलं हिला. किती हलकं वाटत होतं दुपारभर.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या करताना हात थांबला. खालांना सगळं ठाऊक होतं. मग ही बाटली कुणासाठी?

शुक्रवार, २४ जानेवारी

फरदीनला विचारलं. म्हणाला, "मी खूप ट्राय केलं, एमान. वर्षभर केलं. बघवत नाही मला."

अम्मी आत खालांशी फोनवर निकाहची तारीख पक्की करतेय.