सव्वासात मिनिटांचं पीक

सोमवार, ३ जून. सकाळी ९.१०
आजपासून नियमित रोजनिशी. संकल्प एकच: महिन्याभरात मेथड व्हॅलिडेट करायची, म्हणजे चाचणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करायचं. तीन महिने उष्ण, दमट कपाटात ठेवलेली गोळी बिघडते का, हे मशीनच्या आलेखावर दाखवणारी मेथड. अठरा वर्षांचा अनुभव आहे. ग्लोव्ह्ज नवशिक्यांसाठी.
मान आखडली आहे. बाम चोळला.

बुधवार, ५ जून
आलेखावर औषधाच्या उंच टोकाशेजारी, म्हणजे आमच्या भाषेत पीकशेजारी, सव्वासात मिनिटांवर, आणखी एक पीक! औषध फुटून काहीतरी नवं तयार होतंय आणि ते मी शोधलं. पेपर लिहिणार. घरी सांगितलं, नवं पीक आलंय. सासरे म्हणाले, किती एकर? हसलो नाही.

शुक्रवार, ७ जून
मॅनेजरबाई म्हणतात, हे पीक एका दिवशी मोठं, दुसऱ्या दिवशी लहान. औषध असं लहर येईल तसं बिघडत नाही, कारण शोधा. शोधलं. काचसामान. ते धुणाऱ्या मावशींना सोळा वर्षं झाली, हात सैल पडला असणार. लेखी कळवून टाकलं.
मावशी मध्यंतरी म्हणाल्या होत्या, साहेब, तुमच्याच फ्लास्कांना बामाचा वास येतो. नुसत्या वासावरून केमिस्ट्री होत नाही, हे त्यांना प्रेमाने समजावलं होतं.

मंगळवार, ११ जून
मावशींना मेमो. आता गोदामात रिकाम्या बाटल्या मोजतात. जिन्यात भेटल्या, नजर चुकवली. म्हणजे मीच चुकवली. घाईत होतो.
मान फारच धरली आहे. उशी बदलावी. बाम दोनदा.

गुरुवार, १३ जून
काचसामान आता दुसरंच कोणी धुतं. पीक दुप्पट. पाणी खराब असणार. मशीनमधली नळी, म्हणजे कॉलम, तोही जुना झालाय. मेमो परत घ्यायला सांगावं का? आधी पाण्याचं बघू.

सोमवार, १७ जून. दुपारी
व्हॅलिडेशनचा नियम: तेच काम दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायचं. शेजारच्या टेबलावरच्या ज्युनिअर मॅडमनी केलं. तोच कॉलम, तेच पाणी. ग्लोव्ह्ज घालून. सव्वासातला सपाट रेघ.
मॅनेजरबाईंनी शांतपणे विचारलं, खिशात काय आहे? डबी दिली. चिमूटभर बाम विरघळवून मशीनला लावला. सात पूर्णांक पंचवीस. केवढं मोठं पीक. सगळे माझ्या बोटांकडे बघत होते.

बुधवार, १९ जून
चौकशीच्या फॉर्ममध्ये रकाना: मूळ कारण. मी लिहिलं, 'वातावरणातील बाह्य घटक'. बाईंनी खोडलं. मग लिहिलं, 'विश्लेषकाचे हात'. सही केली. मावशींचा मेमो रद्द झाला.
गोदामात गेलो. माफीचे चार मुद्दे कागदावर काढले होते. मावशी म्हणाल्या, थांबा साहेब, मोजणी चुकेल. थांबलो. एकशेचाळीस बाटल्या झाल्या. मग त्यांनीच विचारलं, मान कशी आहे आता?
चार मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात टाकला. लाज वाटली, फार लाज वाटली. बरी आहे म्हणालो.
दुखत नाही आता. वर होत नाही, एवढंच.