जित्या माणसाची तसबीर

५ जून १९३३
गिरणीने काढून टाकले. कापडाच्या गठ्ठ्यांवरची रंगीत तिकिटे आता मुंबईहून छापून येणार, चित्रकार नको. बरेच झाले! नोकरीत कला कुजते. आजपासून मी स्वतंत्र आर्टिस्ट. संकल्प: पहाटे उठणे, रोज चित्र, कशालाही न भिणे. बायकोने, दुर्गाने, घरभाड्याचे विचारले. मी तिला इटलीतल्या चित्रकारांविषयी सांगितले. ती ज्वारी निवडत राहिली. रात्री उठून डब्यातले पैसे दोनदा मोजले. भीती नव्हे, हिशेबाची सवय.

८ जून
फत्ते! पेठेतले कापडवाले रुद्रप्पाशेट पोर्ट्रेट काढून घ्यायला तयार. पसंत पडले तर त्यांच्या दुकानात कायमची नोकरी. कपाळी भस्म, डोक्याला पटका, शेट ऐटीत बसले. तेवढ्यात त्यांच्या आई गुरम्मा आतून आल्या. म्हणाल्या, जित्या माणसाची तसबीर काढत्यात व्हय? तसबीर गेलेल्याची असती, हार घालायला. मी युरोपचे दाखले दिले. त्या म्हणाल्या, तितली माणसं मरत न्हाईत का? शेट हसले. मीही हसलो, अंमळ उशिरा.

१२ जून
शेटना ताप. निव्वळ योगायोग. मी शिकलेला माणूस आहे. आज घरी आणलेल्या चित्रातले डोळे रंगवायचे होते. रंगवले नाहीत. उजेड बरा नव्हता.

१३ जून, दुपार
ताप वाढला. शेटचा गडी बिरप्पा निरोप घेऊन आला: म्हातारी म्हनती, त्येवडं त्वांड पुसा. मी बाणेदारपणे सांगितले, कलावंत पुसत नसतो! जाताना बिरप्पा चित्राकडे पाठ न करता उलटा चालत गेला.

१४ जून
चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले. दुर्गा म्हणाली, घाबरलात की काय? छे! धूळ बसते. मग सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन आलो, पाय मोकळे करायला. शेटच्या नावाने नारळ फोडला. विकणारी फारच मागे लागली होती.

१५ जून
डॉक्टर सकाळपासून शेटच्या उशाशी आहेत म्हणे. आई गं! माझ्या ब्रशाने माणूस मेला तर? टर्पेंटाइन घेतले आणि चेहरा पुसला. सगळा. कलेच्या दृष्टीने ते आवश्यकच होते.

१९ जून
ताप उतरला! शेट स्वतः टांग्यातून आले, वाळलेले, हातात काठी. म्हणाले, आईचं मनावर घेऊ नका. पडल्या पडल्या येकच मनात होतं, उठायचं आन् तसबीर बघायची. उद्यापासनं दुकानात या. मी नाही नाही म्हणेपर्यंत दुर्गानेच कौतुकाने चित्र वळवले. वर पटका, खाली कोट, मध्ये डाग. शेट काठी टेकत चित्राजवळ गेले. मग म्हणाले, आई अडाणी हाय, ती भ्याली. तुमी तर मला पार पोचवूनच आलात की, वेणीमाधवराव. टांगा गेला. नोकरीही गेली.

२२ जून
पेठभर बोभाटा. चित्राला बसायला कोणी धजत नाही. तरी कला थांबणार नाही! सकाळी दुर्गा ठेवणीतले लुगडे नेसून स्टुलावर येऊन बसली. म्हणाली, माझं काढा, मी नाही भीत. तेव्हापासून काढतो आहे. लुगड्याचा काठ झकास साधला. हात आले, बांगड्या आल्या, गळ्यातली पोतही आली. आता ती विचारते आहे, तोंड कधी काढणार?

बाहेर लख्ख ऊन आहे. सांगितले, उजेड बरा नाही.