वरचा कप्पा

आई, मी तुझी थोरली. आधीच सांगते, कारण विरजण लावायला विसरून सकाळी मांजरावर आळ घेणारी तू, मला ओळखशीलच असं नाही. अक्षर माझं नाही. ते तुलाही येत नव्हतं, मलाही आलं नाही. सांगतेय मी, लिहितायत माझ्या खोलीत काल नव्याने आलेल्या बाई. छाणीच्या शाळेत शिकवायच्या. वळण सुरेख आहे म्हणे. असेल, मला काय कळतंय.

मी आता बडोद्यातच, म्हाताऱ्यांच्या सोसायटीत राहते. कुणी टाकलेली नाही, मीच आले. घरी माझी बडबड एकट्या सुनेच्या वाट्याला यायची, इथे ती सगळ्यांत वाटली जाते. इथली एक रीत आहे. नवी कुणी आली की आधीपासून राहणारीने तिच्या साड्या आपल्या हातांनी कपाटात लावायच्या, मगच चहा. ऑफिसातली बाई मलाच हाक मारते, "बा, नवां बेन आव्यां छे." मी साड्या लावता लावता चिडवते, "ही जरीची कुणाला दाखवायला आणलीत?" मग नवी हसते, रडायचं राहून जातं.

काल या बाई मात्र पिशवी मांडीवर घेऊन कॉटच्या कडेला बसल्या. मी कपाट उघडलं, तर म्हणाल्या, "राहू द्या हो, पिशवीतच बरं. तुमची अडचण नको." आई, हे तुझंच बोलणं. माझा हात तिथेच थांबला.

बाबा गेल्यावर तू करजणहून आमच्या मकरपुऱ्याच्या दोन खोल्यांत आलीस. तुझी लुगडी शेवटपर्यंत खिळ्याला टांगलेल्या पिशवीत राहिली. एकदाच विचारलंस, "तो वरचा कप्पा मोकळा आहे का गं?" मी म्हटलं, "त्याची किल्ली हरवलीय." किल्ली माझ्या कमरेला होती. आत होत्या, कधी न आलेल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या. कप्पा दिला की तू कायमची राहशील, याची मला धास्ती. तू राहिलीसच, पण पाणीसुद्धा विचारून प्यायचीस. तू गेल्यावर तुझं सगळं आवरायला मला एक पिशवी काढण्याएवढाच वेळ लागला.

बाई थांबल्या. "हे लिहू?"

"लिहा. खोडायचं नाही."

लिहिलं त्यांनी. मग उठून पिशवी माझ्या हातात दिली. "वरचा नको, माझा हात पुरत नाही. खालचा द्या." मी माझा खालचा रिकामा केला. साड्या लावल्या, पण एकीवरही थट्टा सुचली नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? इथल्या माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवते, तो आता तुझा. आणि एक राहिलं. पुढे एकदा मला ताप होता, तू माझं लुगडं बदलत होतीस, तेव्हा किल्ली तुझ्या हाताला लागली. तू ती होती तिथे परत खोचलीस. मी जागी होते, आई. झोपेचं सोंग घेतलं.

तिकडून इकडे येणारं कुणी भेटलं तर मेथकूट पाठव. इथली डाळ गोड, नुसता भात गिळवत नाही. हिंग घालायला विसरू नकोस, आणि पुडी मोठी बांध. आता आम्ही दोघी आहोत.