चौथ्या चाकाची पाठ

ता. ६ ऑगस्ट

ती. मामास,
भाचीचा शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच : आम्ही सगळे सुखरूप आहोत. परवा शाळेतून येताना गाडी खड्ड्यात आदळली आणि पुढच्या डाव्या चाकाच्या धातूचा तुकडाच पडला. गाडी रस्ता सोडून कुंपणाला जाऊन टेकली. लेक मागे बसली होती, तिचा ओठ फुटून दोन टाके पडले. आता बरी आहे. टाक्यांचं कौतुक शाळाभर सांगून झालं.

राग आहे तो वेगळाच. इथला गॅरेजवाला म्हणतो, तीन चाकं कंपनीची आहेत, हे एक डुप्लिकेट. मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर फैलावर घेतलं. म्हटलं, माझ्या मामाचं चाळीस वर्षं चाकांचंच दुकान आहे, ही जुनी गाडी घेण्याआधी त्यानं आमच्या दारात चारही तपासलीत, तुम्हाला यातलं काय कळतं. चाकाचं तोंड बघू नये, पाठ बघावी, हे तूच मला शिकवलंस. पुढून नक्कल हुबेहूब जमते, पण मागे कंपनीचा शिक्का, माप आणि साल धातूतच ओतलेलं असतं. ते बघून झालं की शेजारी तुझा पिवळ्या रंगाचा ठिपका. चौथ्या चाकाला तू इतक्या झटपट ठिपका दिलास की हे अजून म्हणतात, मामांना डोळे आहेत की एक्स-रे. तेव्हा दोन ओळी लिहून पाठव, गॅरेजवाल्याला दाखवते.

मामीला नमस्कार. लोभ आहे, तो असाच मुरू दे.

तुझी भाची

ता. १२ ऑगस्ट

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

मामीनं पत्र हातातून ओढून घेतलं आणि टाक्यांपाशी येऊन थांबली. दिवसभर जेवली नाही. नातीला जप.

गॅरेजवाल्याचं काय एवढं मनावर घेतेस? खड्ड्यापुढे चांगलं चाकही तडकतं. उगाच शब्दाला शब्द वाढवू नकोस. ते फुटकं चाक घरात ठेवू नकोस, भंगारात देऊन टाक. दुसरं मी पाठवतो. दोन ओळींचं मागाहून बघू, सध्या दुकानात मान वर करायला फुरसत नाही.

जावईबापूंना सांग, गाडी सावकाश हाका. आशीर्वाद आहेतच.

तुझा मामा

ता. २० ऑगस्ट

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

चाक भंगारात द्यायला काढलं होतं. मग वाटलं, गॅरेजवाल्याच्या नाकावर टिच्चून शिक्का दाखवावा. उलटं करून रॉकेलनं घासलं. पाठ कोरी आहे, मामा. शिक्का नाही, माप नाही, साल नाही. बाकीची तीन काढायला लावली. त्यांचे आकडे बोटाला लागतात आणि तुझा ठिपका आकड्यांना अगदी चिकटून आहे. चौथ्याचा ठिपका मात्र कडेला आहे, बाहेरून आऱ्यांमधून बोट घातलं की जिथवर पोचतं तिथे. मी घालून पाहिलं.

गॅरेजवाल्याची माफी मागितली. त्यानं नुसती मान हलवली आणि बोल्ट आवळत राहिला. मला तिथे उभं राहवेना.

एकच विचारते. ते चाक तू काढलं होतंस का?

तुझी भाची

ता. २७ ऑगस्ट

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

नाही काढलं.

तीन चाकं उतरवली तोवर गुडघ्यांनी हात टेकले. तिसऱ्यापासून उठलो तो गाडीच्या दरवाज्याची मूठ धरून. नशीब, कोणी पाहिलं नाही. चौथ्यापाशी बसलो असतो तर कोणीतरी काखेत हात घालून उठवावं लागलं असतं, तेही जावयासमोर. तीन खरी निघाली, चौथं कुठे जातंय, असं मनाला सांगितलं. वाकलो, आऱ्यांतून बोट घातलं, ठिपका दिला आणि चहा मागितला. न पाहिलेल्या चाकाला आयुष्यात दिलेला तो एकच ठिपका, आणि त्याचे टाके नातीच्या ओठाला पडले.

भंगारात दे म्हणालो, ते तू पाठ बघू नयेस म्हणून. त्याची लाज पहिल्यापेक्षा जास्त वाटते. पहिल्या वेळी गुडघे तरी दुखत होते.

ते चाक इकडे पाठव. दुकानाच्या दारात पाठ बाहेर करून टांगणार आहे, जो विचारेल त्याला सांगेन. सोबत गॅरेजवाल्यासाठी चिठ्ठी आहे. मुद्दाम उघडी ठेवली आहे, तू वाचून मग दे. गुडघ्यांचं मामीलाही सांगितलं. ती म्हणाली, दोन वर्षं ठाऊक आहे.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

तुझा मामा

ता. ३ सप्टेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी दिली. गॅरेजवाल्यानं दोनदा वाचली, घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि तुझे गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं.

तुझ्या पत्रात एक चूक आहे. कोणी पाहिलं नाही असं लिहिलंस. मी पाहिलं होतं. तू मूठ धरून उठलास तेव्हा मी दोन पावलांवर उभी होते. हात दिला तर तुझ्या मनाला लागेल म्हणून तोंड फिरवलं आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर चौथा ठिपका देऊन झाला होता. इतक्यात कसं झालं, हे मी विचारलं नाही. लेकीला टाके घालताना तेच डोळ्यांपुढे होतं, आणि ओरडले मात्र त्या बिचाऱ्या गॅरेजवाल्यावर.

चाक मीच घेऊन येते, रविवारी. गाडीची चारही चाकं आम्ही उतरवू, तू खाली बसून पाठी बघ. उठताना मी हात देईन. तो तू धरायचास.

तुझी भाची