चारपेक्षा मोठा

१९ ऑगस्ट
आलो एकदाच्या दोघी, चार दिवस झाले! कंपनीचं घर, दोन खोल्या, नळाला धो धो पाणी आणि खिडकीसमोरच भिंगरीची शाळा. भिंगरी म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात. एका जागी बसेल तर शपथ! वरच्या मजल्यावर एक म्हातारे सुतारकाका राहतात, दिवसभर ठोकठोक चालू असते. भिंगरीने त्यांचं नाव लगेच सुतारपक्षी ठेवलं. रागवायचं सोडून त्यांनी तिला एक लाल स्टूल करून दिलं.

ऑफिस शाळेला लागूनच आहे. साहेब गोड बोलतात. माझ्या आधीच्या बाई काम समजावून द्यायला अजून आठवडाभर येणार आहेत. बाई जरा विक्षिप्तच. मूल ना बाळ, पण शाळा सुटायच्या वेळी रोज गेटवर जाऊन उभ्या राहतात. कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, सवय आहे. एकेकाच्या सवयी! मला हसू आवरेना.

२६ ऑगस्ट
काम अगदी सोपं निघालं. कॉलनीतल्या माणसांची नावं आणि ती राहायला आली त्या तारखा कॉम्प्युटरवरच्या एका टेबलात आहेत. आम्हा नोकरदारांची नावं त्यात नाहीत, आमच्या घरच्यांची आहेत. तारखेवरून आर्थिक वर्ष काढायचं, एवढंच. वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणजे फेब्रुवारीत आलेला माणूस मागच्या वर्षात जमा.

एवढ्यासाठी बाईंनी क्वेरीत, म्हणजे टेबलातून नावं निवडायच्या आज्ञेत, बारा महिन्यांच्या बारा ओळी लिहिल्या होत्या. मी त्यांच्या डोळ्यांदेखत त्या पुसल्या आणि सगळं एका ओळीत आणलं: महिना चारपेक्षा मोठा असेल तर तेच वर्ष, नाहीतर आधीचं. चालवून पाहिलं, सगळी नावं जुळली. साहेब खूश झाले. बाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या काहीतरी सांगायला जवळ आल्या, पण मी म्हटलं, राहू द्या हो, मला येतं.

५ ऑक्टोबर
आज साहेबांनी सगळ्यात जुनं वर्ष बंद केलं. माझी क्वेरी चालवायची आणि त्या वर्षातली नावं टेबलातून काढून टाकायची, की झालं. दोन मिनिटांचं काम. कौतुक म्हणून मला पेढ्यासारखं गोड बोलून लवकर सोडलं.

वरची खोली रिकामीच आहे, दाराला कुलूप. बरंच आहे, डोक्यावर कुणाची धडधड नाही.

११ नोव्हेंबर
आज या वहीची मागची पानं सहज चाळली. सुतारकाका? वरच्या मजल्यावर? मला असं कुणी आठवत नाही. भिंगरीलाही नाही. पण लाल स्टूल आहे. ती रोज त्यावर उभी राहून दात घासते.

साहेबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, बंद झालेलं वर्ष उघडत नाही, आणि माणसं गेल्याशिवाय खोल्या मोकळ्या कशा होणार? माझं घरही असंच मोकळं झालं होतं म्हणे.

मी परत कामाला लागले. नोकरी सोडून दोघींनी जायचं कुठे? आणि खरं सांगते, आमची पाळी यायला मध्ये कितीतरी वर्षं आहेत. जाणारे दुसरे आहेत.

२० जानेवारी
दर महिन्याला एक वर्ष जातं. आता मी नावं आधीच वहीत उतरवून ठेवते आणि नंतर वाचते. एकही ओळखीचं वाटत नाही. एक आजी तर दोन महिने परगावी लेकीकडे होत्या, त्याही गेल्या. त्यांच्या सुनेला विचारलं तर म्हणाली, कोण सासूबाई? म्हणजे पळूनही उपयोग नाही.

भीती वाटते. हळूहळू सवयही होतेय, आणि त्याची जास्त भीती वाटते.

२७ मार्च
साहेब म्हणाले, खोल्या कमी पडतायत. नवं वर्ष लागलं की, पाळीची वाट न बघता, हेही वर्ष लगेच बंद करायचं. दोन एप्रिलला.

हे वर्ष म्हणजे — ऑगस्ट यातच येतो. भिंगरी —

साहेबांचे पाय धरले. ते म्हणाले, आधीच्या बाईही अशाच रडल्या होत्या, दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आल्या.

१ एप्रिल
तिचं नाव खोडायला हात धजेना. खोडलं आणि तेवढ्यानेच ती गेली तर? म्हणून साहेब जेवायला गेल्यावर तारीख बदलली. भिंगरी राहायला आली ती आजच, एक एप्रिलला. नव्या वर्षाचा पहिला दिवस! आता करा म्हणावं बंद.

सुटली माझी पोर. घरी येऊन तिला उचलून गरागरा फिरवलं. आई वेडी झाली, म्हणाली.

२ एप्रिल
वही ऑफिसात आणलीय. साहेबांनी क्वेरी चालवली. मी निवांत —

यादीत भिंगरीचं नाव आहे. का? तारीख तर बरोबर आहे. एप्रिल. चौथा महिना. महिना चारपेक्षा —

चार हा चारपेक्षा मोठा नसतो.

एप्रिलमध्ये आलेलं कुणी टेबलात नव्हतंच, म्हणून तेव्हा सगळं जुळलं — बाई हेच सांगायला — माझी ओळ, माझीच —

साहेब थांबत नाहीत. मॉनिटर माझ्याकडे वळवून दाखवतायत.

डाव्या भुवईवर खूण. पुढचा दात पडलाय. झोपेत माझा कान धरते. विसरायचं नाही. भिंगरी भिंगरी भिंग

३ एप्रिल
वेळेवर कामावर गेले. साहेबांनी चौकशी केली, मी ठीक आहे म्हटलं. घरात एक लाल स्टूल आहे, कुणाचं कोण जाणे.

दुपारी पाय आपोआप शाळेच्या गेटकडे वळले. जुन्या बाई तिथे उभ्या होत्या. थोडं सरकून त्यांनी मला जागा दिली. मुलं एकेक करून निघून गेली. शिपायाने विचारलं, कुणाला न्यायला आलात? मी म्हटलं, माझ्या —