आज निखिल मराठीत बोलला

सोमवार संध्याकाळ, फहाहील, कुवेत

काल टीव्हीवर आमच्या निखिलची अमेरिकन फुटबॉलची मॅच पाहिली. धावत येणाऱ्याला अंगावर घेऊन पाडायचं, हेच लाइनबॅकरचं काम. अमेरिकेत त्याचं पोट त्यावरच चालतं. पाडताना त्याचं डोकं आपटलं. उठला, आणि चक्क दुसऱ्या टीमच्या बाकाकडे निघाला. हे म्हणाले, "हॉस्पिटलमुळे तुला सगळीकडे पेशंटच दिसतात."

असेल. पण सीटी स्कॅन काढण्यातच जन्म गेला ना माझा?

आज त्याचा फोन. "आय ॲम फाइन, आई. डोन्ट टेल द टीम डॉक्टर." यंदा काँट्रॅक्ट संपतंय, आता घरी बसवलं तर खेळ कायमचा सुटेल. कळतं मला. तरी तो चुकीचा बाक डोळ्यांसमोरून हलत नाही.

लहानपणापासून मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. आज फोन ठेवता ठेवता मराठीत म्हणाला, अगदी शाळेतून आल्यासारखा, "आई, बाबा ड्युटीवरून आले का?"

यांनी अहमदीच्या तेल कंपनीतली नोकरी सोडून तीन वर्षं झाली. शेजारीच बसले होते, स्पीकर चालू होता. चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"त्या टीमच्या डॉक्टरांना फोन लाव," म्हणाले.