चंद्रीला राग कळतो

२ नोव्हेंबर, रविवार

शिव्या खाल्ल्या! त्याही सोळा वर्षांच्या पोराच्या!

अरुणा मॅडम दर रविवारी शाळेच्या हॉलमध्ये वर्ग घेतात. मन बिथरलेल्या पोरांचा. कोण भिंतीवर मुठी मारतं, कोण चार-चार दिवस धड जेवत नाही. मी मदतीला असतो. कँटीनची काच फोडून इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं — हे माहीत असून त्यांनी मला घेतलं. आमच्याच गोठ्यातलं दूध जातं त्यांच्याकडं. म्हणाल्या, "तुझा आवाज गल्लीभर ऐकू येतो. आता जरा ऐकायला शीक." चार महिने झाले शिकतोय.

आज आदर्शला म्हटलं, शांत हो. तर — "तू झालायस व्हय कधी शांत? आलाय शिकवायला!" पुढचं लिहीत नाही.

मॅडम म्हणाल्या, "बरोबरच बोलला की."

४ नोव्हेंबर

कॉलेजात जिच्यावर जीव जडला, त्या अनुजाचा स्टेटस अकरा वेळा बघितला. जोतिबाला गेलती. शेजारी कुणाचा तरी अर्धा खांदा. खांद्यावरनं माणूस ओळखू येत नाही!

५ नोव्हेंबर

झोप लागत नाही, म्हणून लिहितो.

संध्याकाळी आदर्श गोठ्यावर आला. अकरावी सायन्स झेपत नाही, घरात सांगायची सोय नाही, बाप डॉक्टर करायलाच बसलाय. सगळं वैरणीच्या भाऱ्यावर बसून बोलला. मी गप्प ऐकलं. खरंच गप्प! मग म्हणाला, "कुणाला सांगायचं न्हाय. शब्द दे."

दिला. आमच्यात शब्द म्हणजे शब्द.

मग म्हणाला, "दादा, मला जगायचंच न्हाय."

असा शब्द कधी द्यायचा नाही — मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. आणि मी देऊन बसलेलो! तो उठून निघाला. वाट अडवली. त्याच्यासमोरच मॅडमना फोन लावला. "गद्दार!" म्हणून बोंबलला, वैरणीची बुट्टी अंगावर फेकली. फेकू दे. मॅडम स्कूटीवरनं आल्या, मागं त्याची आई. जरा वेळानं बाप आला, दारात उभा राहिला, मग पोराचा हात धरला. तसेच सगळे मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं गेले.

जन्मात पहिल्यांदा शब्द मोडला. लाज नाही वाटत. छाती फुगल्यासारखी वाटते.

घरी आप्पांना सांगावंसं वाटलं. पण कॉलेज सोडल्यापासून आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. म्हशीला सांगतात — "चंद्रे, ह्याला म्हणावं पेंड संपली."

९ नोव्हेंबर, रविवार

आदर्श आला नाही.

१३ नोव्हेंबर

आला! वर्गात नाही, गोठ्यावर. "आईनं पाठवलंय. तुझ्यासाठी आलो न्हाय."

डॉक्टर चालू आहेत. बाप रोज शेजारी बसून जेवतो म्हणे, सायन्सचं नावच काढत नाही. पण राग आला की श्वास मोजायचा, हे आदर्शला पटत नाही. "उदबत्ती लावून बसल्यागत वाटतंय."

म्हटलं, मग धार काढ.

चंद्रीखाली बसला. तावातावानं ओढायला लागला. चंद्रीनं पान्हा चोरला. थेंब नाही, वर लाथ! बादली कोपऱ्यात.

"हिला काय झालं?"

"हिला काय न्हाय. तुला झालंय. राग कळतो तिला. कपाळ टेक तिच्या अंगाला. ती श्वास घेईल तसा घे."

पान्हा यायला रेडकू परत सोडलं. दहा मिनिटं पोरगं कपाळ टेकून नुसतं बसलं. मग हात लावला — आणि बादलीत धार वाजली! "आली की रं!" असा ओरडला की बसलेल्या म्हशी उठल्या.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "हे माझ्या पुस्तकात नव्हतं." माझं! माझं डोकं हे!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज प्रत्येकानं कागद लिहिला — मनात लाट उठली की काय करायचं, क्रमानं. आदर्शचा: १. गार पाण्यानं तोंड धुणे. २. चंद्री. ३. आईला नाहीतर मॅडमना सांगणे. चौथं माझं नाव. खोडलेलं, मग परत लिहिलेलं.

दहावीच्या मार्कलिस्टीनंतर एवढं भारी वाटलं नव्हतं.

"तुझा कागद?" मॅडमनी विचारलं. हसलो. मला कशाला!

२२ नोव्हेंबर, शनिवार

अनुजाचा साखरपुडा. आज, कागलला. खांदा मुरगूडचा निघाला.

धार आटपायची आणि गाडी काढून साखरपुड्याच्या हॉलवर जायचं, एवढंच डोक्यात. पुढचं ठरवलं नव्हतं. ठरलेलंच होतं म्हणा — काच, नाहीतर त्याचं तोंड.

चंद्री थेंब देईना. दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसलो. दारात आदर्श, बादली घेऊन उभा.

"काय झालंय दादा?"

"काय न्हाय."

"चंद्री खोटं बोलत न्हाय."

सांगितलं मग सगळं. म्हटलं, "मॅडमना कळू द्यायचं न्हाय. शब्द दे."

"देत न्हाय." गाडीची किल्ली खिशात घातली बेण्यानं, आणि माझ्यासमोरच फोन लावला.

"गद्दार!" ओरडलो मी.

"मग? शिकवलं कुणी?"

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मॅडमशेजारच्या खुर्चीत बसलो नाही. पोरांत, सतरंजीवर बसलो. आदर्श सरकला. माझ्या कागदावर त्याचं नाव लिहायला गेलो तर म्हणाला, "मी सोळाचा हाय. मोठ्या माणसाचं लिही." आप्पांचं लिहिलं. घरी येऊन कागद त्यांच्या हातात दिला. बराच वेळ वाचत होते, चार ओळी. मग बोलले — चंद्रीशी नाही.

"जेवलास का?"